फर्मा ३८ चा, पण अंग आपलं: फिटिंगचे अनुभव लिहा

जळगावहून, धागा सुरू करते

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, आवाज रडवेला. बाजारातून ३८ नंबरचं ब्लाउजचं पेपर कटिंग, म्हणजे कागदी फर्मा, आणलं, जसंच्या तसं कापडावर ठेवून कापलं, रात्री बसून शिवलं आणि सकाळी घालून बघितलं तर खांदा उतरतोय, मुंढ्यात (बाही जोडतो त्या गोलाईत) झोळ आलाय आणि छातीवर मात्र हुक लागत नाहीये. आणि ती म्हणते काय, ताई बाळंतपणानंतर माझं अंगच बेढब झालंय गं, मला कुठलाच फर्मा बसणार नाही आता.

हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी जिवाला लागतं. कारण चूक अंगाची नसतेच. नंबरवारी फर्मे कसे निघतात बघा, एका मापाचा फर्मा नीट काढतात आणि मग तोच ठराविक फरकाने वाढवत-घटवत ३२, ३४, ३६ असे बाकीचे काढतात. ही रीत जुनी आहे, १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने मापवार कागदी फर्मे काढले तेव्हापासूनची. आता या रीतीत छाती २ इंच वाढली की कागदावर खांदाही वाढतो, गळाही पसरतो, मुंढाही खाली जातो. पण माझी छाती दोन लेकरांनंतर ३४ ची ३८ झाली तेव्हा खांद्याचं हाड थोडंच वाढलं?

तर आपापले अनुभव लिहा. नुसतं अल्टर केलं असं नको, कुठे केलं, किती इंच केलं, कागदावर नेमकं काय केलं ते लिहा म्हणजे दुसरीला करता येईल. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतील, घरोघर मशिनी चालू होतील, त्याआधी हे जमलं तर फार बरं होईल.

भुसावळ

मावसबहिणीचं दुखणं ते माझंच दुखणं होतं म्हणून सविस्तर लिहिते. छातीची मापं दोन घ्यायची. एक टेप काखेतून वरच्या बाजूने, छातीच्या उंचवट्याच्या वर, आणि दुसरं नेहमीचं, सगळ्यात भरलेल्या जागेवरचं. माझं वरचं ३६ आणि भरलेलं ४०. मी वर्षानुवर्षे ४० चा फर्मा घेत होते, मग खांदे लोंबणारच. आता ३८ चा घेते, कारण विदेशी मोठ्या कंपन्यांचे नेहमीचे फर्मे या दोन मापांत २ इंचाचा फरक धरून काढलेले असतात आणि माझ्या ३६ ला तो ३८ चा बरोबर पडतो. खांदा, पाठ, गळा एकदम जागेवर बसतात. मग उरतो फक्त पुढच्या भागातला २ इंचाचा तोटा, म्हणजे अर्ध्या फर्म्यावर १ इंच.

हा १ इंच बाजूच्या शिलाईत वाढवायचा नाही!! बाजूला वाढवला की काखेत बोळा होतो आणि समोर तसंच ताणलेलं राहतं. फर्म्याच्या पुढच्या भागावर छातीच्या पॉइंटपासून सरळ खाली एक रेघ, पॉइंटपासून मुंढ्याच्या खालच्या भागाकडे दुसरी रेघ, आणि बाजूच्या टकमधून (आकार यावा म्हणून कापडाला घातलेली टोकदार शिवलेली चिमटी) पॉइंटपर्यंत तिसरी. तिन्हीवर कात्री चालवायची पण मुंढ्याच्या शिलाईच्या रेघेवर कागद जरासा जोडलेला ठेवायचा, दाराच्या बिजागरीसारखा. मग कागद हळूच उघडायचा, पॉइंटजवळ बरोबर १ इंच, खालून दुसरा कागद चिकटवायचा. आपोआप टक मोठा होतो, आणि पुढच्या मध्याची लांबी कमी पडते ती खालून कापून तेवढीच खाली सरकवून सारखी करायची. पहिल्यांदा करताना माझे हात कापत होते, दोन कागद वाया गेले, तिसऱ्याला जमलं. आणि जेव्हा ते घालून आरशात बघितलं ना, समोर एकही चुणी नाही, हुक आपोआप मिटले, मी नवऱ्याला ड्युटीवरून आल्या आल्या दाखवलं.

(कंबर पण अर्ध्या फर्म्यावर १ इंच वाढते याने, ती नको असेल तर खालच्या टकमध्ये घ्या.)

अमळनेर

भुसावळच्या ताई, चार टकच्या ब्लाउजला काय करायचं? त्यात तर मुंढ्यात पण टक असतो.

भुसावळ

तेच तंत्र, फक्त उघडलेली जागा एकाच टकमध्ये कोंबू नका. मी बाजूच्या आणि खालच्या टकमध्ये वाटून देते. एकच टक फार मोठा झाला की टोकाला चोच येते. आणि टकचं टोक पॉइंटपर्यंत न्यायचं नाही, पाऊण ते एक इंच अलीकडे थांबवायचं.

रावेर तालुका, केळीपट्ट्यातून

आमच्याकडच्या कामाचं सांगते. मी गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते, निम्म्या तरी शेतात जाणाऱ्या. केळीचा घड उतरवायचा म्हणजे हात डोक्याच्या वर, आणि सगळ्यांची एकच तक्रार, हात वर केला की ब्लाउज पोटावरून वर चढतो आणि काखेत फाटतो. मी आधी काय करायचे, मुंढा खोल कापायचे, वाटायचं मोकळं होईल. उलटंच व्हायचं. मुंढा जितका खाली तितका हात उचलताना आख्खा ब्लाउज सोबत उचलला जातो, कारण बाही काखेपासून लांब खाली जोडलेली असते. हे मला कळायला चार वर्षं लागली.

आता मुंढा काखेच्या अगदी जवळ ठेवते, काखेखाली जेमतेम अर्धा-पाऊण इंच. बाहीचा वरचा गोलवा अर्धा इंच बसका करते आणि तेवढी बाही रुंद करते. बसकी बाही हात खाली असताना खांद्याखाली थोडी चुरगळते, दिसायला कटोरीच्या फॅशनवाल्या ब्लाउजइतकी गुळगुळीत नाही, पण हात मोकळा फिरतो. लग्नाच्या ब्लाउजला उंच गोलवा, शेताच्या ब्लाउजला बसका, एकाच बाईचे दोन फर्मे ठेवते मी. आणि पाठीची रुंदी माप घेताना हात समोर बांधायला सांगून घ्यायची, उभं राहून घेतलेली पाठ कामात कमी पडते.

चाळीसगाव

मी पुरुष आहे, चालेल ना इथे लिहिलेलं. लॉकडाऊनमध्ये आईच्या मशीनवर शिकलो. आप्पांचा (वडील) शर्ट रेडिमेड कुठलाच बसत नव्हता, आयुष्यभर कपाशी वेचून, फवारणीचा पंप पाठीवर वाहून त्यांची पाठ वाकलीय. शर्ट मागून वर उचलला जायचा, पुढचं टोक लोंबायचं आणि वरचं बटण लावलं की कॉलर गळ्याला काचायची. ते कधी काही बोलले नाहीत, वरची दोन बटणं उघडी ठेवायचे बस.

मी त्यांचा एक जुना शर्ट उसवून कागदावर काढला. मग भिंतीजवळ उभं करून माप घेतलं, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत मागून १९ इंच आणि गळ्याच्या खाचेपासून कमरेपर्यंत पुढून १४. शर्टात हा फरक फारच कमी होता. खांद्याच्या मागे जो योक असतो त्याच्या खालच्या पाठीच्या तुकड्याला मी मधोमध पाऊण इंच वर वाढवला आणि मुंढ्याकडे नेत नेत शून्यावर आणला. घडीवर कापायचं असल्याने मध्यरेषा सरळच राहते, त्रास नाही. खांद्याची शिलाई अर्धा इंच पुढे सरकवली कारण त्यांचे खांदे पुढे झुकलेत. पुढच्या भागातून छातीच्या वर पाऊण इंच आडवी घडी घालून कमी केलं, मध्यावर पाऊण आणि मुंढ्याकडे शून्य.

आधी मांजरपाटाचा शिवला, कच्चा. तो घालून आप्पा अर्धा तास ओट्यावर बसले आणि वरचं बटण लावलेलं होतं. मी काही बोललो नाही पण आत जाऊन खूप रडलो खरं.

धुळे

चाळीसगावच्या दादा, तुमचं वाचून लिहायला बसले.

माझ्या लेकीला मणक्याचा बाक आहे, पाठीचा कणा एका बाजूला वळलेला, उजवा खांदा खाली आणि डावी बाजू कमरेत आत गेलेली. बारावीपर्यंत ढगळ कुर्ते घालायची, ओढणीने झाकायची. फर्म्यांची मूळ अडचण ही की सगळे अर्धे असतात, घडीवर ठेवायचे आणि दोन्ही बाजू सारख्या. तिच्यासाठी मी घडी सोडली. खाकी कागदावर पूर्ण पुढचा आणि पूर्ण मागचा भाग काढते, उजवा वेगळा, डावा वेगळा, आणि प्रत्येकावर उजव्या बाजूला मोठ्ठं "उजवा" लिहिते कारण कापताना उलटं झालं की सगळं गेलं. उजवा खांदा बाहेरच्या टोकाला अर्धा इंच खाली घेतला आणि त्या बाजूचा मुंढाही तेवढाच खाली उतरवला. हा दुसरा भाग बऱ्याच जणी विसरतात, नुसता खांदा उतरवला तर मुंढा लहान होतो आणि हात आवळतो. खालचा घेर कागदावर कधीच ठरवत नाही. तिला स्टुलावर उभं करते, जमिनीवरून लाकडी पट्टीने वर मोजत गोल गोल खडूने खुणा करते, मग दुमडते.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी आंग देख, मंग कापड काप." त्यांना शिवता येत नाही, पण बरोबर तेच बोलल्या.

कॉलेजच्या गॅदरिंगला अंगासरशी कुर्ती घालून गेली. ओढणी घरीच ठेवून.

शहादा

मी नेटवरून पीडीएफ फर्मे घेते. पहिला अनुभव वाईट. प्रिंटच्या दुकानात दिला, ३२ पानं ए-फोर, चिकटवायला दोन संध्याकाळी गेल्या, ड्रेस झाला तर सगळीकडून आखूड. नंतर कळलं की पहिल्या पानावर १० सेंटीमीटरचा चौकोन असतो तो आधी पट्टीने मोजायचा, माझा साडेनऊ भरला होता, प्रिंट कागदात बसवायला लहान केली गेली होती. आता मी दुकानात सांगते आधी एकच पान काढा, चौकोन मोजते, मग बाकीचे.

दुसरं उंचीचं. मी १५२ सेंमी, बुर्डाचे (जर्मन शिवण मासिक) नेहमीचे बायकांचे फर्मे १६८ सेंमी उंचीला काढलेले असतात. मी आधी सगळं खालून कापायचे आणि कंबरेचा वळसा माझ्या कुल्ह्यावर यायचा. आता घडी जागोजागी घालते, मुंढ्याच्या मध्ये १ सेंमी, मुंढा ते कंबर ३, कंबर ते कुल्हा २, उरलेलं खालून. मुंढ्यातून १ घेतला की बाहीच्या गोलव्यातूनही १ घ्यायचा नाहीतर बाही जास्त होते. आणि बुर्डाच्या मासिकातल्या फर्म्यांना माया (शिलाईसाठी कडेला सोडायचं जादा कापड) धरलेली नसते, ती आपण सोडायची, हे नीट वाचा.

अमळनेर

वर टकचं विचारलं होतं ते मीच. विचारायचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं डाव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालं. ब्लाउज शिवायला बाहेर द्यायला धीर होत नव्हता, कुणी माप घेताना हात लावेल याचीच भीती. म्हणून स्वतः करते.

पुढून उघडणाराच करते, हात मागे नेता येत नाही. अस्तर जुन्या मऊ सुती धोतराचं, डाव्या बाजूला अस्तरातच खिसा, त्यात कृत्रिम पॅड बसतं. गळा एक इंच वर. जखमेच्या रेघेवर कुठलीच शिलाई येऊ देत नाही, बाजूची शिलाई पाऊण इंच मागे सरकवलीय. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात कधी कधी सुजतो तर डाव्या बाहीचा घेर दीड इंच जास्त ठेवते, उजवी नेहमीची. बाहेरून कुणाला फरक कळत नाही. उजव्या बाजूला टक, डाव्याला पॅडच्या आकाराने वेगळे टक. एवढंच विचारायचं होतं की डाव्या बाजूचे टक मांजरपाटावर पॅड घालून ठरवायचे की कागदावर?

धुळे

ताई, पॅड घालून अंगावरच. मांजरपाट शिवतानाच माया बाहेर ठेवा, डावं डाव्याच बाजूला येईल असं, म्हणजे टाचण्या बाहेरून लावता येतात. जिथे कापड जास्त होतं तिथे चिमटीत धरून टाचणी, मग काढून रेघ मारायची आणि कागदावर उतरवायची. जवळच्या कुणाला तरी मदतीला घ्या.

आणि सगळ्यांसाठी एक, मी आयटीआयला शिवण शिकलेय म्हणून सांगते. आधी लांबी दुरुस्त करा, मग रुंदी, क्रम उलटा केला की परत सगळं हलतं. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात घालून सावलीत वाळवा. कंबरेचं माप उभं राहून एक आणि बसून एक, बसलेलं धरा. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घामात कापड अंगाला चिकटतं, म्हणून कुर्तीला छातीवर ४ इंच तरी सैल ठेवते मी. ब्लाउजच्या बाजूला दीड इंच माया सोडा, पुढे उसवून मोठा करता येतो.

जळगावहून

वाचतेय सगळं. अमळनेरच्या ताईंना, मी महिन्यातून दोनदा तिकडे येते, मदतीला कुणी नसेल तर मी टाचण्या लावेन, निरोप करा.

मावसबहीण रविवारी आली होती. तिची दोन मापं घेतली, वरचं ३४ आणि भरलेलं ३८, म्हणजे तिला ३६ चा फर्मा, आणि पुढून अर्ध्यावर १ इंच. मांजरपाट २ मीटर आणलंय. कागद काल कापला, आज कच्चा धावदोरा घातला, उद्या ती घालून बघायला येतेय.