मदत हवी आहे: कोंबड्यांमधला ल्युकोसिस (विषाणूमुळे गाठी होणारा रोग) त्यांना हाताळणाऱ्या माणसाला होतो का?

नमस्कार मंडळी,

मी ब्रीडर (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या) कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे. मेलेले पक्षी उघडून बघायचे असले की डॉक्टरांच्या हाताखाली मीच असतो. गेल्या दोन महिन्यांत अंड्यावर आलेल्या कोंबड्या एकेक करून वाळत गेल्या, तुरे फिके पडले आणि मेल्या. पोट उघडलं की यकृत एवढं वाढलेलं की बाकीचे अवयव त्याखाली दिसेनात, आणि त्यावर करड्या-पांढऱ्या गाठी. काहींच्या छातीच्या हाडाला आतून पिवळट-पांढऱ्या गाठी चिकटलेल्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला: एव्हियन ल्युकोसिस विषाणू, उपगट 'जे' (J).

हे काम मी बरेचदा उघड्या हातांनी केलं आहे. मागच्या महिन्यात कात्री निसटून अंगठा कापला, चांगलं रक्त आलं. पाण्याखाली धरला आणि पुढचा पक्षी घेतला. आता अहवालात 'रेट्रोव्हायरस' हा शब्द वाचल्यापासून झोप नाही, कारण एचआयव्हीसुद्धा रेट्रोव्हायरसच. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मुलगी दोन वर्षांची आहे, घरी पोचलो की धावत येऊन बिलगते.

शेडवर विचारलं तर "कोंबडीचा रोग कोंबडीला" एवढंच उत्तर मिळालं. ते खरंही असेल, पण कशावरून ते कोणी सांगत नाही. हा रोग पक्ष्यांत नेमका पसरतो कसा, माणसाच्या रक्तात गेला तर काय होतं, आणि मी कुठली तपासणी करून घ्यावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी पशुवैद्यक आहे, ब्रीडर कळपांचंच काम करते. माणसांबद्दल माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारे इथे आहेत, मी शेडचं सांगते.

तुमच्याकडे हा रोग बहुधा अंड्यातूनच आला असणार. बाधित कोंबडीच्या अंडनलिकेतून विषाणू अंड्याच्या पांढऱ्या भागात उतरतो आणि तिथून गर्भात शिरतो. असं पिल्लू विषाणूला आपल्याच शरीराचा भाग मानतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयारच करत नाही. रक्तात कायमचा विषाणू आणि दिसायला ठणठणीत. पुढे ते अंड्यावर आलं की तोच वारसा पुढच्या पिढीला देतं. अशी पिल्लं संख्येनं थोडी असतात, पण त्यांच्या पहिल्या विष्ठेतही विषाणू असतो, आणि हॅचरीतून निघालेल्या एका खोक्यात असं एक जरी असलं तरी शेजारच्यांना लागण होऊ शकते. नर-मादी ओळखायला एकाच हाताखालून शेकडो पिल्लं जातात, लस टोचताना सुई बदलली जात नाही, तिथेही तो पसरतो. पहिल्या काही दिवसांत लागण झाली तर गाठींची भीती जास्त. मोठ्या पक्ष्याला लागण झाली तर बहुतेक वेळा प्रतिपिंडं तयार होतात आणि गाठी क्वचितच येतात.

शरीराबाहेर मात्र हा विषाणू फार नाजूक आहे. त्याला मेदाचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. ६० अंश सेल्सिअसला मिनिटभराच्या आत निम्मा विषाणू निकामी होतो.

लोक याची मरेक या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाशी गल्लत करतात. मरेकच्याही गाठीच, पण तो नागीण गटातला विषाणू. पिसांच्या कोंड्यातून धुळीत मिसळतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. त्याला लस आहे, ल्युकोसिसला नाही. इथे उपाय एकच: अंड्यातल्या पांढऱ्या भागाची आणि गुदद्वाराच्या स्वॅबची पी२७ (विषाणूतलं एक प्रथिन) चाचणी करायची, बाधित कोंबड्या मूळ कळपातून काढायच्या, पिल्लं छोट्या गटांत वेगळी वाढवायची, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या करत राहायचं. एक गोम लक्षात ठेवा. 'ई' (E) उपगटाचा विषाणू बहुतेक कोंबड्यांच्या जनुकांतच वडिलोपार्जित बसलेला असतो, तोही या चाचणीत उमटू शकतो. म्हणून नुसत्या पी२७वर सगळा कळप दोषी धरू नका. तुमच्या अहवालात उपगट स्पष्ट लिहिलाय, हे चांगलं झालं.

प्रतिसाद २

मी कामगारांच्या आरोग्याचं काम करतो. तुमची भीती रास्त आहे आणि "कोंबडीचा रोग कोंबडीला" म्हणून ती उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. या विषाणूमुळे माणसाला कर्करोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, हे खरं. पण ते कशावरून, हेही तुम्हाला कळायला हवं.

रेट्रोव्हायरस हे मोठं कुळ आहे. पेशीत शिरायला प्रत्येकाला आपापलं दार लागतं. एचआयव्हीचं दार माणसाच्या पांढऱ्या पेशींवर असतं, ल्युकोसिसच्या विषाणूची दारं कोंबडीच्या पेशींवर. सस्तन प्राण्याच्या पेशीत तो शिरला तरी तिथे त्याची वाढ सहसा होत नाही. दुसरी बाजूही सांगतो. याच गटातला राऊस सार्कोमा विषाणू पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीतून दाखवला. त्याच्या काही जाती उंदरांत गाठी करू शकतात, हे १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांना दिसलं. म्हणजे सस्तन प्राण्यांचं दार कायमचं बंद आहे असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच संशोधकांनी माणसांकडे नीट लक्ष दिलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. ती कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली, आणि त्या अंड्यांत ल्युकोसिसचा विषाणू होता. म्हणजे थेट टोचूनच तो माणसांच्या शरीरात गेला. त्या सैनिकांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, लसीचा कर्करोगाशी संबंध आढळला नाही. तुमच्या अंगठ्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धीर देणारा पुरावा हाच वाटतो.

कोंबड्या कापणाऱ्या कामगारांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. काहींच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. त्याचा अर्थ विषाणूशी गाठ पडली एवढाच, तो शरीरात घर करून बसला असा नाही. अमेरिकेतल्या कामगारांच्या अभ्यासांत फुप्फुसाच्या कर्करोगासारखे काही कर्करोग जास्त दिसले. पण अशा ठिकाणी मांस गुंडाळायचं प्लास्टिक तापल्यावर निघणारा धूर असतो, शिवाय सिगारेट ओढणारेही असतात. यातलं कशानं काय झालं, हे वेगळं काढता आलेलं नाही.

माणसाकडून माणसाला तो गेल्याची नोंद नाही. मुलीला बिनधास्त जवळ घ्या, फक्त आधी कपडे बदला आणि हात धुवा. कारण आहे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब करणारे जिवाणू, लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त. माणसासाठी ल्युकोसिसची रुग्णालयात होणारी नेहमीची चाचणी नाही, त्यामागे पैसे घालवू नका. जखम लाल-जांभळी होऊन सुजली, दुखू लागली तर मात्र लगेच दाखवा, आणि कोंबड्यांत काम करता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती आधी चिडली, महिनाभर लपवलं म्हणून. मग सैनिकांचा भाग तिनं पुन्हा वाचायला लावला.

जखम भरली आहे, सूज नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नाही, उद्या जातोय. शेडवर हातमोजे मागितले, ते पातळ रबरी आले, कात्री त्यातूनही आरपार जाईल. पोस्टमॉर्टेमला तुम्ही नेमके कसले मोजे वापरता?

प्रतिसाद १

कात्री धरलेल्या हातात रबरी चालतो. पक्षी धरलेल्या हातात आधी न कापला जाणारा विणीचा मोजा आणि त्यावर रबरी. कात्रीचं टोक विणीतूनही जाऊ शकतं, म्हणून बोथट टोकाची घ्या. पहिले दोन दिवस हात जड वाटतील, घाई करू नका.