युद्धात बियाणं सांभाळणं म्हणजे चोचले?

खारघरची मावशी
काल इथे एकांनी लिहिलं, 'डोक्यावर बॉम्ब पडताना बिया नि दुर्बिणी कसल्या सांभाळता? बंदूक धरा.' वाचून डोकंच फिरलं. दुसऱ्या महायुद्धातला रशियातल्या लेनिनग्राडचा वेढा आठवा, 1941 ते 44. वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्हच्या बियाणे संस्थेतली माणसं भुकेनं मेली, पण साठा खाल्ला नाही. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह गेले, तेव्हा तांदळाची पाकिटं शेजारी तशीच होती. खुद्द वाव्हिलोव्ह स्टालिनच्या तुरुंगात. 1943 ला तिथेच गेले.

घोडबंदर_रोड
ते 'एक' मीच. शहरात पोरं भुकेनं तडफडत होती आणि तांदूळ कुलपात! तुम्ही त्याला त्याग म्हणा, मी हट्ट म्हणतो. शिवाय तुमचे शास्त्रज्ञ संत असतात का? जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरनं 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन वायू सोडायला लावला, वर 1918 चं नोबेल!

पाचपाखाडीकर
नोबेल अमोनियाचं होतं हो, वायूचं नव्हे. त्याच अमोनियाच्या खतावर तुमचा तांदूळ पिकतो. आणि 1939 ला भाभा सुट्टीवर घरी आले, युद्ध भडकलं, केंब्रिजला परतणं राहिलं. बंगलोरला वैश्विक किरणांवर काम केलं, 1945 ला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, उभी राहिली. त्यांच्याही हाती बंदूक द्यायची होती का?

घोडबंदर_रोड
भाभांवर बॉम्ब पडत नव्हते. उदाहरण तरी धड द्या.

पाचपाखाडीकर
मग युद्धात होरपळलेलं सीरियातलं अलेप्पो घ्या. तिथल्या बियाणे पेढीनं नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणे तिजोरीत आपल्या बियांच्या प्रती ठेवल्या होत्या. 2015 ला त्यातल्या परत मागवल्या, लेबनॉन-मोरोक्कोत पेरल्या, 2017 ला पुन्हा नेऊन ठेवल्या. गहू, मसूर, हरभरा. तुमच्या ताटातलंच.

खारघरची मावशी
युद्ध राहू दे. 26 जुलै 2005. आमच्या प्रयोगशाळेत उणे 80 चा फ्रीझर, आत सात वर्षांचे पेशींचे नमुने. वीज गेली, जनरेटरच्या खोलीत गुडघाभर पाणी. दारावर 'उघडाल तर याद राखा' असा कागद चिकटवून मी रात्रभर आकडा बघत बसले. उणे 71, उणे 60... पहाटे उणे 43.

घोडबंदर_रोड
जनरेटरचं नाव काढू नका! आमच्या सोसायटीत लाइट गेली की लिफ्ट बंद आणि क्लबहाउसचा एसी चालू. आई 14व्या मजल्यावर, गुडघे दुखतात.

कोपरखैरणे_सेक्टर
आमच्याकडे डिझेल दर महिन्याला भरतात म्हणे. जनरेटर चालल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

घोडबंदर_रोड
पावती मागा! मी मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, 'विश्वास नाही का?' नाही!!

पाचपाखाडीकर
आम्ही सर्वसाधारण सभेत मागितली. मीटर वाचून डिझेलचा हिशेब लावला, तेव्हा कुठे लिफ्टला जोडणी मिळाली. दोन वर्षं गेली.

कोपरखैरणे_सेक्टर
मीटरचा फोटो टाका ना, प्लीज.

खारघरची मावशी
चालू दे तुमचं डिझेल. मी लेनिनग्राडबद्दल बोलत होते.

घोडबंदर_रोड
बरं बाई, बिया सांभाळा, तेवढं मान्य. दुर्बिणींचं नाही म्हणजे नाही. आणि त्या फ्रीझरचं काय झालं?

खारघरची मावशी
वाचला. वरचे दोन रॅक सोडून. त्यातला एक माझा.