कांदळवनाचं (खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाचं) काम नक्की करतं कोण, वनखातं की संस्था?

भांडुपकर: रविवारी ऐरोलीला क्लीनअपला गेलेलो, गुडघाभर चिखलात उभं राहून मुळांत गुंतलेल्या पिशव्या ओढून काढल्या, हात सोलवटले पार. पण बॅनर संस्थेचा आणि गार्ड वनखात्याचा, मग हे चालवतं कोण?

खाडीवाला: दोघं. परवानगी, गस्त, कारवाई कांदळवन कक्षाची, तो वनखात्यातच आहे, २०१२ पासून. माणसं, हातमोजे, वडापाव संस्थेचे 😄 शिवाय २०१५ला कांदळवन प्रतिष्ठान काढलंय, त्यातून संशोधनाला आणि कोळी लोकांच्या खेकडापालन वगैरेला पैसे मिळतात, आणि मला विचाराल तर हेच जास्त कामाचं, कारण खाडीवर रोज नजर कोळ्यांचीच असते.

मुलुंडची_मनू: फ्लेमिंगोंचा अभ्यास मात्र बीएनएचएसवाले (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) करतात, पायात कडी घालून सोडतात पक्षी.

जुना_गोराईकर: सगळी कांदळवनं खात्याकडे नाहीत हो, खाजगी जमिनीवर पण आहेत, बोंब तिथेच. हायकोर्टाने २००५लाच तोडीवर बंदी घातली, भोवती ५० मीटर मोकळे ठेवायला सांगितले, तरी आमच्याकडे रात्री डेब्रिजचे डंपर यायचेच. पोरांनी नंबरप्लेटसकट फोटो पाठवले तेव्हा कुठे पंचनामा झाला.

भांडुपकर: अच्छा. पुढच्या वेळी गमबूट घेऊन जातो.