मानेच्या एमआरआयवर मज्जारज्जू दबलाय हे कसं ओळखायचं?

हळदवाला, सांगली: आमचे अण्णा, वय ६३. मार्केट यार्डात ३० वर्षं हळदीची पोती वाहिली. मान फारशी दुखत नाही, पण सदऱ्याची बटणं लागेनात, चप्पल निसटली तरी कळत नाही. रिपोर्टात सी५-सी६ला (मानेचा पाचवा-सहावा मणका) दाब लिहिलाय. फिल्म खिडकीशी धरलीय, त्यात काय बघू?

मिरजकर: टी-२ची (एमआरआयचा एक प्रकार, फिल्मवर लिहिलेलं असतं) उभी फिल्म घ्या. त्यात पाणी पांढरं दिसतं. रज्जूच्या पुढं-मागं त्या पाण्याची पांढरी रेघ असते. ती तिथं तुटून रज्जू चेपलेला दिसला तर दाब. रज्जूच्या आतच पांढरा डाग असेल तर इजा झालेली असू शकते.

हळदवाला: रेघ तुटलीय. डागाचं समजंना.

कृष्णाकाठ: फिल्म ठेवा बाजूला. १० सेकंदांत मूठ २० वेळा उघडझाप होते का?

हळदवाला: ११ झाल्या.

कृष्णाकाठ: २०च्या इतकं खाली म्हणजे रज्जू दबल्याची खूण असू शकते. मग याच आठवड्यात न्यूरोसर्जन. आणि मान मोडून घ्यायला कुणाकडं नेऊ नका.