मागचा पेरू तोडायचा की ठेवायचा?

सचिव: मंडळी, मागच्या पेरूबद्दल तिसरी तक्रार आली. पानं काळीकुट्ट, फरशी चिकट, पडलेल्या फळांत अळ्या. झाड तोडूनच टाकू, असं काहीजण म्हणतायत. रविवारच्या बैठकीत विषय घेतोय.

बी ५०३: तोडा. गाडीच्या काचेवरचा चिकटा घासूनही निघत नाही.

ए १०२: थांबा हो जरा! मी आत्ताच झाडाखालून आले. एका पानावरचा काळा थर ओल्या बोटाने पुसला, तर खालून पान हिरवंगार. ही काजळी. ही बुरशी पानात शिरत नाही, पानावर सांडलेल्या गोड चिकट्यावर वाढते. चिकटा सोडतो पिठ्या ढेकूण. फांद्यांच्या बेचक्यात आणि फळाच्या देठाशी कापसासारखे पुंजके दिसतात ना, तोच. गाडीवर पडतंय तेही त्याचंच. ढेकूण आटोक्यात आला की काजळी वाळून गळून जाते.

डी ४०१: मग काकू, फवारणीवाल्यालाच बोलावू. एकदाच जोरदार मारू दे.

ए १०२: नको रे. ढेकणाच्या अंगावर मेणचट भुकटी असते, पुष्कळसं औषध वरूनच ओघळतं. मरतात ते त्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड), आणि महिन्याभरात ढेकूण दुप्पट होतो. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधा. उरलेल्या पुंजक्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा, पानं भाजत नाहीत ना.

आणि खोडावरच्या मुंग्या बघितल्यात का कोणी? रांगच लागलीये. त्या चिकटा खायला येतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खोडाला वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावायचं (थेट सालीवर नाही हं). भिंतीला टेकलेली फांदीही छाटावी लागेल, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.

सी २०३: आणि फळांतल्या अळ्या? मुलांनी पेरू खाणंच सोडलंय.

ए १०२: ती फळमाशी, वेगळं प्रकरण. फळ पिकायला लागलं की मादी सालीला टोचून आत अंडी घालते. फळ पडलं की अळ्या बाहेर येऊन मातीत कोषात जातात आणि तिथूनच नव्या माश्या निघतात. म्हणजे पडलेलं फळ झाडाखाली राहू देणं हीच आपली मोठी चूक. रोज वेचायची, जाड काळ्या पिशवीत तोंड बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवायची. खतखड्ड्यात अजिबात टाकू नका. नवी फळं लिंबाएवढी झाली की कागदी पिशवी चढवू. मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावता येईल, पण त्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबून चालणार नाही.

सी २०३: वेचायचं काम मी आणि मुलं घेतो 🙋

ए ३०४: काकू, विषय निघालाच आहे तर गेटजवळच्या लिंबाचंही सांगा. पानांवर खरबरीत तपकिरी फोड आहेत, कडेने पिवळं. शिवाय पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी चिकटलंय.

ए १०२: ती विष्ठा काडीने हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून नारिंगी शिंगं काढली आणि उग्र वास आला, तर लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते. लहान झाडाची पालवी ती फस्त करते, म्हणून हाताने वेचा. मोठ्या झाडावरच्या दोनचार राहिल्या तरी बिघडत नाही.

फोड मात्र खैऱ्याचे. तो जिवाणूंचा रोग, पावसाच्या वाऱ्याबरोबर पसरतो आणि नागअळीने पोखरलेल्या पानांत पटकन शिरतो. कोरड्या दिवशी लागलेल्या फांद्या छाटा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा, मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा.

एफ १०१: बोर्डो मी करून देतो. नोकरीत असताना वर्षानुवर्षं केलंय. लिटरला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना. दोन प्लास्टिकच्या बादल्यांत अर्ध्या अर्ध्या पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, मग दोन्ही एकदम तिसरीत ओतायचं. धातूचं भांडं नको. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तसंच फवारलं तर पानं जळतात. त्याच दिवशी संपवायचं. त्यात निंबोळी तेल किंवा साबण मिसळू नका. हातमोजे आणि मास्क हवेतच, मुलांना त्या दिवशी खाली सोडू नका.

सचिव: ठीक आहे. तोडण्याचा विषय काढून टाकतो. रविवारी सकाळी सात वाजता झाडाखाली जमू.

बी ५०३: तोवर गाडी पलीकडे लावतो. ग्रीस आहे माझ्याकडे, आणतो.

डी ४०१: काकू, आत्ता टॉर्च घेऊन गेलो होतो. पुंजक्यात एक पांढरी, झिपरी अळी आहे. ढेकणापेक्षा मोठी आणि तुरुतुरु चालतेय. चिरडू का?

ए १०२: अजिबात नको!! ती ढालकिड्याची अळी, ढेकूणच खाते. त्या फांदीला दोरा बांधून ठेव, रविवारी तिथे काहीच फवारायचं नाही.