जुन्या रेड वाइनचे शब्द: विंटेज, मुरलेली, साका, निवळी

'विंटेज वाइन'ला मराठीत 'जुनी वाइन' म्हणावे का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते म्हणू नये. विंटेज मोटारींमुळे या शब्दाला आपल्याकडे जुनेपणाचा अर्थ चिकटला. पण त्याचे मूळ असलेल्या लॅटिन 'विंदेमिया'चा अर्थ द्राक्षांची काढणी असा आहे, आणि बाटलीवरचे विंटेज म्हणजे आजही द्राक्षे ज्या वर्षी काढली ते साल. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची वाइनही विंटेज असू शकते, आणि फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशाचे १९८२ साल नावाजले जाते ते त्या वर्षी द्राक्षे उत्तम पिकली म्हणून. '१९८२ च्या हंगामाची वाइन' एवढे म्हटले की अर्थ पूर्ण होतो. नाशिकची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, तर फ्रान्समधली सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. 'हंगाम' दोन्हीकडे चालतो. 'सुगी'ला मात्र धान्याचा वास येतो.

वयाने आलेल्या गुणासाठी 'मुरलेली' हाच शब्द मला योग्य वाटतो. लोणच्यात मसाला बाहेरून फोडीत मुरतो, बंद बाटलीत बाहेरून फारसे काही शिरत नाही, हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु 'मुरलेला वकील' म्हणताना आपण आतून आलेली पक्वताच सांगत असतो. बाटलीतही तसेच घडते. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतली तुरट द्रव्ये, आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडली जाऊन त्यांचे मोठे रेणू बनतात आणि हळूहळू तळाशी बसतात, त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट लाल रंग वीटकरीकडे झुकतो. 'जून' हा शब्द येथे अजिबात नको; जून भेंडी कोणालाच नको असते.

तळाशी बसलेल्या त्या थराला सर्रास 'गाळ' म्हटले जाते. गाळ विहिरीचा किंवा नाल्याचा. आपल्याकडे 'साका' हा नेमका शब्द आहे, कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा बसतो तो. ठाण्यात नौपाड्यातील एका स्नेह्यांकडे विसाहून अधिक वर्षांची बोर्दो उघडली, तेव्हा बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली होती. ओतताना त्यांनी मानेखाली विजेरी धरली, आणि काळपट रेघ बाटलीच्या खांद्यापाशी सरकताना दिसताच हात थांबवला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या आई सहज म्हणाल्या, "साका राहू दे खाली, वरची निवळी तेवढी घे." 'डिकँट' करण्याला 'निवळी काढणे' याहून चांगला प्रतिशब्द मला सुचत नाही, चुन्याच्या निवळीमुळे तो शाळेपासून सर्वांच्या ओळखीचा आहे.

वासाच्या बाबतीत अधिक काटेकोर राहायला हवे. मुरलेल्या रेड वाइनला ताज्या फळांऐवजी सुकवलेली फळे, चामडे, तंबाखू, अळंबी आणि भिजलेला पालापाचोळा यांचा वास येतो, आणि पाऊस थांबल्यावर येऊरच्या रानात शिरलेल्या ठाणेकराला यातला शेवटचा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बूच सदोष असेल तर येतो तो मात्र 'कुबट' वास, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा. पहिला गुण आहे, दुसरा दोष. दोन्हींना 'मातकट' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. तसेच, बहर ओसरून फिकी पडलेल्या वाइनला 'उतरलेली' म्हणणे टाळावे, कारण आंबलेले वरणही उतरलेलेच असते. तिला 'उतरणीला लागलेली' म्हणावे आणि 'विटलेली' हा शब्द खरोखर बिघडलेल्या वाइनसाठी राखून ठेवावा.

एक शब्द अजून हवा आहे. जुन्या बाटलीत बुचातून थोडीथोडी वाइन उडून जाते आणि पातळी मानेवरून खांद्याकडे उतरते. ही उतरलेली पातळी पाहूनच जाणकार बाटलीची किंमत ठरवतात. यासाठी 'तूट' सुचवली जाते, पण तूट हिशेबातही येते आणि मापात मारल्यानेही येते. साठवलेला माल सुकून आपोआप कमी होतो, त्याला व्यापारी 'घट' म्हणतात, आणि बाटलीच्या बाबतीतही मी तोच शब्द वापरेन.