२०२७ च्या बाद फेऱ्या: माझाही अंदाज

वर एकानं लिहिलंय की २४ संघ घेतल्यामुळं २०२७ चा रग्बी विश्वचषक पातळ होणार आणि कप पुन्हा दक्षिण आफ्रिकाच नेणार. पहिलं थोडं पटतं. सहा गटांतले पहिले दोन तर पुढं जाणारच, वर तिसऱ्या क्रमांकाचे चार, म्हणजे गटात हरलेल्यालाही दार उघडं. पण त्यानंतरची सोळा संघांची नवी फेरी मला हवी आहे. एक सामना जास्त म्हणजे थकवा जास्त, दुखापती जास्त, आणि तिथंच राखीव फळी कामाला येते.

आफ्रिकेचं खरं हत्यार तेच. २०२३ च्या अंतिम सामन्यात आठ राखीवांपैकी सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे गडी! दुसऱ्या हाफात ताज्या दमाची माणसं उतरली की समोरचा स्क्रम (एकमेकांना रेटणाऱ्या गड्यांची फळी) काळ्या रानात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखा जागीच फिरतो. तरी 'नेणारच' म्हणू नका राव. तेव्हा फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५, न्यूझीलंडला १२-११, तिन्ही वेळा एकाच गुणानं वाचले. इंग्लंडविरुद्ध त्यांचा किकर हँड्रे पोलार्ड याची शेवटची पेनल्टी हुकली असती तर?

माझं मत फ्रान्सला. आयर्लंड कितीही आवडो, विश्वचषकात उपांत्य फेरी त्यांनी अजून पाहिलेली नाही.

सामने ऑस्ट्रेलियात, म्हणजे सिडनीत रात्रीचे आठ तेव्हा आपल्या परभणीत दुपारचे अडीच. सोयाबीनची रास तोवर झालेली असेल. लोडशेडिंगचं काय ते बघू, मोबाइल चार्ज करून ठेवू.